चर्चिल खरंच असं म्हणाले होते का?

भाचीचं पंधरा ऑगस्टचं भाषण चार दिवसांत बसवायचं होतं. पोरगी नववीतली, पाठांतर पक्कं. सुरुवातच तिने चर्चिल यांच्या वाक्याने केली होती: भारताला स्वातंत्र्य दिलं तर सत्ता बदमाश, भामटे आणि लुटारूंच्या हाती जाईल, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा कर बसेल. घरच्या ग्रुपवर नानांनी टाकलेला मेसेज तिने जसाच्या तसा वहीत उतरवला होता. "मावशी, टाळ्या पडतील ना?"

पडल्या असत्या. मला मात्र ती पाण्याची बाटली खटकली.

नानांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, तो होताच तसला. म्हणाला असेलच." इथेच माझं नि त्यांचं वाजलं. तसला होता ना, मग त्याच्या तोंडी आपण आणखी वाक्यं कशाला घालायची?

मराठी मजकुरावरून शोधून काही हाती लागेना, कारण भाषांतर प्रत्येकाचं निराळं. इंग्रजी शब्द सापडले, 'रास्कल्स, रोग्स, फ्रीबूटर्स', तेव्हा ढीगभर पानं उघडली. कुठे '१९४७च्या चर्चेत' एवढंच, कुठे तेही नाही. नेमका दिवस कुणीच देत नव्हतं. ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजाचा वृत्तांत, हॅन्सार्ड, ऑनलाइन फुकट वाचता येतो. त्यात चर्चिल यांची १९४७ची भाषणं काढून बसले. ते वाक्य नाही. पण ६ मार्च १९४७च्या भाषणात दुसरंच सापडलं. तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते. भारताचा कारभार आपण ज्यांच्या हाती देतोय ती पेंढ्याची माणसं आहेत, थोड्या वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही, असं ते भर सभागृहात बोलले होते. वाचून अंगावर काटा आला. यावर आणखी मीठमसाला लागतोच कशाला?

मग गांधीजींना 'अर्धनग्न फकीर' म्हटल्याचं बघायला घेतलं, आणि चुकले. हॅन्सार्डमध्ये ते मिळेना, म्हणून हेही खोटंच असं जवळपास ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात गेले. पाऊस कोसळत होता, नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं होतं. तिथे नेहमी बसणाऱ्या एका काकांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "ताई, सभागृहाबाहेर बोललेलं हॅन्सार्डमध्ये कसं सापडेल?" खरंच की! ते भाषण २३ फेब्रुवारी १९३१ला इंग्लंडमधल्या एपिंग इथे, स्वतःच्या पक्षाच्या लोकांपुढे झालं होतं. गांधीजी व्हाइसरॉय आयर्विन यांना भेटायला जात होते, त्यावर हा संताप. 'अर्धनग्न फकीर' अशी जोडी मात्र त्यात नाही. मिडल टेंपलचा राजद्रोही वकील आता फकिराचं सोंग घेऊन अर्ध्या उघड्या अंगाने व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढतोय, हे किळसवाणं आहे, असा तो मजकूर. दोन शब्द नंतर लोकांनी जवळ आणले, अपमान मात्र अस्सल. (मिडल टेंपल आणि इनर टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टर घडवणाऱ्या दोन वेगळ्या संस्था. गांधीजी बॅरिस्टर झाले ते इनर टेंपलमधून. चर्चिल यांची ही चूक मी दुरुस्त केली नाही, बोलले तसंच ठेवलं.)

सगळ्यात जास्त मी रेंगाळले ते गांधीजींच्या पत्रावर. १७ जुलै १९४४ला आपल्या पाचगणीहून त्यांनी चर्चिल यांना लिहिलेलं. तुम्ही मला 'नागडा फकीर' म्हटल्याचं सांगतात, फकीर होण्याचा माझा प्रयत्न कधीचा चालू आहे, तेव्हा नकळत का होईना, हा मी गौरवच समजतो, अशा अर्थाचं. ज्यांच्यावर चिखलफेक झाली त्या माणसाने स्वतःसुद्धा 'म्हटल्याचं सांगतात' इतकंच लिहिलंय. मी ते भाचीला दाखवलं. तिने त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली, मग दुसरी ओढली, आणि वहीतलं पहिलं पान फाडलं.

पंधरा ऑगस्टला माइक खरखरत होता. "सहा मार्च एकोणीसशे सत्तेचाळीस," अशी तिने सुरुवात केली. मैदान आधी गप्प होतं. पेंढ्याच्या माणसांचं वाक्य झालं आणि टाळ्या पडल्या.

व्हिडिओ नानांनीच ग्रुपवर टाकला. तो जुना मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून येतो. आला की मी त्याखाली सहा मार्चचं खरं वाक्य तारखेसकट लिहिते.