घरचे काही म्हणत नाहीत का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. विचारणारे बरेच आहेत. वसतिगृहाच्या मॅडमनी विचारले, सांगलीच्या स्टँडवर फलक गुंडाळून एसटीची वाट पाहताना शेजारच्या मावशींनी विचारले, आणि ज्यांच्या तोंडी समतेखेरीज दुसरा विषय नसतो अशा एका काकांनी सभा संपल्यावर चहाचा कप हातात देत विचारले, "बाकी सगळं ठीक आहे गं, पण तुझ्या घरचे तुला काही म्हणत नाहीत का?" आमच्या कॉलेजातल्या गटाने वसतिगृहात संध्याकाळी सातच्या आत परतण्याच्या नियमावरून काय केले, कोणता फलक कोणी फाडला, हे सर्व तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्याची उजळणी करत नाही. उत्तर फक्त त्या एका प्रश्नाचे देते.

पहिल्या वर्षाला असताना मी फटकन म्हणत असे, "माझ्या घरच्यांचा इथे काय संबंध?" ते उत्तर मला फार आवडायचे. मुलग्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेही मी लगेच जोडत असे, आणि ते आजही खरे आहे. आमच्या बरोबरीचा एक मुलगा दोनदा पोलीस ठाण्यात बसून आला, तरी त्याच्या आईवडिलांची चौकशी कोणी केली नाही. परंतु खरे असलेले वाक्य पुरेसे असतेच असे नाही.

घरचे म्हणतात. आई म्हणते, आणि रोज म्हणते. फोटो छापून आला की तिला आधी माझ्या ओढणीची काळजी पडते आणि मग लग्नाची. वडील मात्र गप्प राहतात. त्यांच्या गप्प राहण्याला मी बरीच वर्षे त्यांचा मोठेपणा समजत होते, पण त्यामागे माझी मोठी आत्या आहे. आत्या टाकलेली. गावात हाच शब्द चालतो. परित्यक्ता हा शब्द तिला पुढे चळवळीने दिला. तिचे नाव नवऱ्याच्या घरच्या रेशनकार्डावर राहिले आणि ती मात्र आमच्या घरात राहिली, त्यामुळे साखर आणि रॉकेल तिच्या नावावर तिकडे उचलले जाई आणि इकडे तिच्या वाटणीची भाकरी मोजली जाई. कासेगावच्या कार्यकर्त्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायकांनी परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावे म्हणून वाळवा तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यात मोर्चे काढले, तेव्हा आत्या चपला हातात घेऊन चालली होती, कारण एक अंगठा तुटला होता आणि नवीन जोड घेणे परवडत नव्हते. माझे वडील तेव्हा कॉलेजच्या वयाचे होते. बहिणीला सोडायला गेलेला मुलगा मोर्चाच्या कडेने शेवटपर्यंत चालत राहिला, इतकेच ते सांगतात. त्यानंतर घरातल्या बाईने रस्त्यावर उतरू नये असे म्हणण्याची सोय त्यांना उरली नाही.

तर उत्तर असे की, आईची रोजची काळजी सोडली तर माझ्या घरचे मला फारसे काही म्हणत नाहीत, आणि त्यात माझे कर्तृत्व शून्य आहे. एवढ्यावर थांबले असते तर हे लिहिण्याची गरज पडली नसती.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि ते निवडून आलेले हवेत. आमच्याकडे मतदान झाले नाही. प्राचार्यांनी यादीत नाव लिहिले आणि मला बोलावून अभिनंदन केले. मीही ते स्वीकारले. निवडणूक घ्या, असे मी म्हणायला हवे होते, पण निवडणूक झाली असती तर मी पडले असते, हे मला ठाऊक होते.

त्याच वर्षी एक मुलगी माझ्याकडे आली. तिचा विषय, तिचे गाव, तिचा तालुका यांतले मी काहीही सांगणार नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी एक कर्मचारी काय करतो, हे तिने कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून, खाली बघत, दोन वाक्यांत सांगितले. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते आणि त्यातले दोन महिने उलटले होते. मी तिला कागद दिला, पेन दिले, आणि ती थांबली की पुढचे वाक्य सुचवले. "घाबरू नकोस," हे मी किती वेळा म्हटले असेन, याचा आता मला फार त्रास होतो. "घरी कळलं तर?" असे तिने एकदाच विचारले. नियमात गोपनीयता आहे, नाव कुठेही जाणार नाही, असे मी ठामपणे सांगितले. नियमात तसे होतेही.

समितीची बैठक झाली. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची, तोवर त्या कर्मचाऱ्याचा तिच्या प्रात्यक्षिकाशी आणि गुणांशी संबंध ठेवायचा नाही, इथपर्यंत सगळे रीतसर चालले. मग एक ज्येष्ठ सदस्य अगदी मायेच्या स्वरात म्हणाल्या, "मुलगी लहान आहे, पालकांना विश्वासात घेऊ या." मुलगी एकोणीस वर्षांची होती. सज्ञान तक्रारदाराच्या घरी तिला न विचारता कळवा, असे कोणत्याही कलमात नाही, आणि त्या कलमांची प्रत माझ्या पिशवीत होती. मी गप्प बसले. मला कोणी दटावले नव्हते, मी घाबरलेही नव्हते. "पालक" हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझे वडील आले. मला वाटले, ते येतील, शेजारच्या खुर्चीवर बसतील, आणि तिला बळ येईल.

कार्यालयाने तिच्या घरी फोन केला. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आणि चुलते वडापच्या जीपने आले. कार्यालयाबाहेरच्या बाकावर ते दोन तास बसून होते. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि तिच्या कडा ते बोटांनी सारख्या करत होते. मी पाणी घेऊन गेले. मी समितीवर आहे, असे सांगितले. ते ओरडतील अशी माझी तयारी होती, किंबहुना ओरडले असते तर मला बोलता आले असते, कारण ओरडणाऱ्या पुरुषांशी कसे बोलायचे याचा मला सराव होता. ते पाणी प्याले, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारले, "पोरी, तुझ्या घरचं तुला काय म्हणत न्हाईत का?"

मी म्हटले, "नाही म्हणत." आणि हे सांगताना माझी मान थोडी ताठ झाली.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्या प्रश्नात टोमणा नव्हता, हे मला तिथून उठल्यावर कळले. त्या माणसाला खरोखर माहिती हवी होती. आपल्या पोरीने असे काही केले, ते गावात कळले, तर बापाने काय करायचे असते, भावकीला काय सांगायचे असते, हे तुझ्या घरच्यांनी कसे निभावले, एवढेच त्यांना विचारायचे होते. आत्याची हकिगत तेव्हा सांगता आली असती. मी त्यांना एका शब्दात वाटेला लावले.

संध्याकाळी तिची पत्र्याची पेटी आणि वळकटी वडापच्या टपावर बांधली गेली. पुढच्या बैठकीत तक्रारदार उपस्थित नसल्याची नोंद झाली, नंतर पुन्हा झाली, आणि तक्रार निकाली काढण्यात आली. कर्मचारी दुसऱ्या विभागात आहे. तिचे लग्न झाले, आणि कला शाखेला तिने बहिःस्थ म्हणून अर्ज भरला, असे ऐकले. मी तिला फोन केलेला नाही. तो उचलून ती काय म्हणेल याची भीती वाटते, हे एक कारण. तिच्या नव्या घरी माझा फोन गेला तर तिला काय ऐकावे लागेल, हे दुसरे. पहिले कारण मोठे आहे.

यावर मैत्रिणी म्हणतात, दोष फोन करणाऱ्या कार्यालयाचा, हात लावणाऱ्याचा, तुझा नव्हे. मला हे मान्य आहे आणि मी ते वाटेल तेवढ्या जोरात मांडेन. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालून मुलींना धीट व्हा म्हणणाऱ्यांनी पोरीच्या घरी परस्पर फोन करावा, याचा संताप अजून गेलेला नाही. ज्या जिल्ह्यात मार्च 2017 मध्ये म्हैसाळला 19 स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले, तिथे "आपल्याकडे या चळवळींची गरज काय" असे विचारणाऱ्यांशीही मी भांडत राहीन. मात्र "माझ्या घरच्यांचा काय संबंध" म्हणणारी पहिल्या वर्षाची मी भेटले, तर तिच्याशीही मला भांडावे लागेल, आणि ती भांडणात मला हरवील अशी शंका आहे. ती म्हणेल, घराचा विचार करून बायका गप्प बसल्या म्हणूनच हे चालत आले. मी काय उत्तर देणार? आत्याने घराचा विचार केला असता तर ती मोर्चात गेली नसती. पण आत्याला गमावण्यासारखे घर राहिलेच नव्हते.

आता मी समितीवर नाही, तरी मुली येतात. मागच्या आठवड्यात एक आली. तिने लिहायला घेण्यापूर्वी मी विचारले, "घरी कळलं तर काय होईल? घरचे काय म्हणतील?" तिने पेनाचे टोपण लावले आणि म्हणाली, "ताई, मॅडमनीपण हेच विचारलं." मग तिने कोरा कागद चार घड्या घालून दप्तरात ठेवला. तिच्या तीन महिन्यांतले बावीस दिवस उरले आहेत.