ठाणेवासना: तांब्याच्या मागावर तीन दिवस

चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्णा तालुक्यातल्या ठाणेवासन्याला तांबं आहे, हे भूविज्ञान शिकणाऱ्या नागपूरच्या पोरांना तोंडपाठ असतं. प्रत्यक्ष पाहायला जाणारे थोडे. फेब्रुवारीत आम्ही चौघे गेलो, मातीचे नमुने घ्यायचा सराव करायला.

मुक्काम मूल गावी. गोंदिया–बल्लारशा लाईनवर स्टेशन आहे, पण पुढं स्वतःची गाडी लागतेच. निघण्याआधी भूकोश या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून भूशास्त्रीय नकाशा फुकट उतरवून घ्या.

इथलं तांबं ग्रॅनाइटातल्या क्वार्ट्झ आणि क्लोराइट या खनिजांच्या शिरांमध्ये आहे. पहिल्या दिवशी हातोडीनं एक ढेकळाएवढा दगड फोडला. वर गंजकट तपकिरी, भेगेत मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्याच एका खनिजाचा, हिरवा पापुद्रा आणि आत पिवळा कण. पिवळा दिसला की पोरं नाचतात. थांबा. चाकूचं टोक लावा: ओरखडा उठला तर चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज; नाही उठला तर नुसता पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं. आमचा उठला. बांधावरचे एक काका मघापासून बघत होते. "का पाहून राहिले भाऊ? सोनं भेटते का इथं?" तांबं म्हटल्यावर त्यांचा रस गेला.

खरं काम मात्र मातीचं. ठराविक अंतरावर खड्डा, वरचा पालापाचोळ्याचा काळा थर बाजूला, खालची तांबूस माती पिशवीत, पिशवीवर नंबर, वहीत जीपीएस. कंटाळवाणं आहे, आणि घोळ इथंच होतो. मातीतलं तांबं मोजतात दहा लाखांत काही भाग, अशा हिशेबात. त्यामुळे बाहेरचं किंचित तांबं मिसळलं तरी निकालात खोटा उंचवटा दिसतो. प्रयोगशाळेतली पितळी चाळणी सोबत नेऊ नका. पितळेत तांबंच जास्त. नायलॉनची न्या. भाजीच्या वाडीतला नमुना टाळा, तिथं मोरचूद, म्हणजे तांब्याचंच औषध, फवारलेलं असू शकतं. धानाच्या बांध्यांतली मातीही नको, ती कुठून वाहून आली कोण जाणे. आम्ही हे सगळं पाळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर कपावर टक्‌टक् आवाज आला म्हणून पाहिलं, तर मित्राच्या बोटात तांब्याची अंगठी! आजीनं उष्णतेसाठी घातलेली. त्यानं हातानं भरलेल्या अकरा पिशव्या होत्या. "एवढ्यानं काय होतंय" यावर वाद झाला, पण ओतल्या. अंगठी, कडं, सगळं खोलीवरच ठेवा, सोन्याचंसुद्धा. तांब्याबरोबर पुढं सोनंही तपासलं जातं.

वाघाचं गमतीत घेऊ नका. इथं एकटं फिरायचं नाही, उजाडल्याशिवाय आणि चारनंतर झाडीत राहायचं नाही. सोबत गावातला माणूस घ्या, त्याची रोजी ठरवून द्या. वनजमिनीत शिरायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, आणि शेतात पाय टाकण्याआधी मालकाला विचारा. मार्चपासून ऊन सोसत नाही. शिवाय मोहफुलं वेचणाऱ्यांमुळे पहाटे जंगलात माणसांची वर्दळ असते, तेव्हा वाघाची भीती सगळ्यांनाच जास्त.

तिसरा दिवस त्या अकरा खड्ड्यांतच गेला. फुटाणा गावचा बॅराइट, म्हणजे बेरियमचं जड खनिज, बघायचा होता, तो राहिला.