कमी झालेल्या कचऱ्याचा दाखला : माझा अनुभव

‘ओला कचरा उचलल्याच्या पावत्या जोडलेल्या नाहीत; सबब अर्ज अपूर्ण’ असा शेरा मारून आमच्या हॉटेलच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज परत आला, तेव्हा आमच्या आवारातून ओला कचरा बाहेर जाणे जवळजवळ थांबलेले होते. पावत्या नव्हत्या, कारण ठेकेदाराने उचलावे असे काही उरतच नव्हते. एवढी एक गोष्ट त्या कार्यालयाला पटवून देण्यात जितका काळ गेला, तितका कचरा कमी करण्याच्या प्रत्यक्ष कामालाही लागला नव्हता, आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही. गोव्यातील बार्देशच्या किनारपट्टीवरील एका पंचतारांकित हॉटेलात मी पर्यावरण व सुरक्षा विभाग सांभाळते. हेच काम करणाऱ्यांचा तरी वेळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

आधी कामाविषयी थोडे सांगते. सुरुवात वजनकाट्यापासून केली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तीन पिंपे ठेवली: एकात चिरण्या-सोलण्यातून निघालेला भाग, दुसऱ्यात बुफेवर उरलेले अन्न आणि तिसऱ्यात ताटांतले उष्टे. पिंप भरले की स्टुअर्डिंगच्या, म्हणजे भांडी व स्वयंपाकघर साफ ठेवणाऱ्या विभागाच्या मुलांनी ते काट्यावर ठेवायचे आणि वहीत नोंद करायची. पाहुणे ताटात टाकतात म्हणून कचरा होतो, अशीच सगळ्यांची समजूत होती. वहीतून वेगळेच चित्र दिसले. नाश्त्याच्या शेवटच्या तासाला मोजकेच पाहुणे उरलेले असतात, पण बुफे भरलेला दिसावा म्हणून त्या वेळीही इडल्या, उपमा, कापलेली पपई आणि कलिंगड पुन्हा पुन्हा भरले जात होते आणि हात न लागता दुसऱ्या पिंपात जात होते. मुख्य शेफनी ती पाने स्वतः चाळली आणि पुढच्याच आठवड्यापासून शेवटच्या तासाला लहान भांडी आली. डोसे आणि अंडी मागणीप्रमाणे समोर करून देणे सुरू झाले. पाहुण्यांकडून तक्रार आली नाही. लग्नांच्या जेवणावळींचे मात्र इतके सोपे नव्हते, कारण यजमान ठरलेल्या पानांपेक्षा जास्तीचे पदार्थ मागतात आणि हॉटेलचा विक्री विभाग नाही म्हणत नाही. तिथे उरलेले, न वाढलेले अन्न संस्थांना देण्याची व्यवस्था केली. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत. ते वाचून घ्यावेत, म्हणजे ‘काही झाले तर जबाबदारी कोणाची’ या प्रश्नाला व्यवस्थापनासमोर उत्तर देता येते.

खोल्यांमधील बदल लवकर झाले. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ, चमचे आणि ढवळण्याच्या काड्या 1 जुलै 2022 पासून देशभरच बंद झाल्या, त्यामुळे त्यावर वेगळी चर्चा करावी लागली नाही. शांपूच्या इवल्याशा बाटल्यांच्या जागी भिंतीवरचे डिस्पेन्सर आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांच्या जागी आवारातच भरलेल्या काचेच्या बाटल्या आल्या. तळणाचे तेल वापरून झाले की बायोडिझेलसाठी घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे जाते. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी पोलर संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते तेल पुन्हा वापरता येत नाही, हा नियम स्वयंपाकघरात भिंतीवर लावलेला आहे. तेल नेणारा पावती देतो. ही पावती पुढे किती मोलाची ठरेल याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

उरलेल्या ओल्या कचऱ्यासाठी आवारात खतयंत्र बसवले. कचरा बारीक होऊन त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला जातो आणि मग ते मिश्रण जाळीच्या क्रेट्समध्ये मुरत ठेवले जाते. गोव्याच्या पावसाळ्यात खरी अडचण ओलाव्याची येते. मिश्रणाची मूठ दाबल्यावर बोटांमधून पाणी ठिबकले तर ते सडते आणि वास पोहण्याच्या तलावापर्यंत जातो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि तळहात फक्त ओलसर झाला, तर ते ठीक जमले असे समजावे. यावर आमच्या माळीकाकांनी सुचवलेला उपाय सर्वांत स्वस्त ठरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबा, काजू आणि फणसाचा जो पाचोळा पडतो, तो जाळायचा नाही; पोत्यांत भरून छपराखाली ठेवायचा आणि जून लागल्यावर थोडा थोडा मिसळायचा. कोलंबीची साले आणि डोकी या पाचोळ्यासोबत व्यवस्थित कुजतात. तिसऱ्यांचे आणि शिणाण्यांचे शिंपले कुजत नाहीत, मोठी हाडेही कुजत नाहीत, शिवाय यंत्राची पाती तुटतात. ते पहिल्या दिवसापासून वेगळे काढावे. रिकामी शहाळीही या यंत्राला झेपत नाहीत, त्यांना वेगळे श्रेडर लागते.

आता त्या अर्जाविषयी. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसे नियमाप्रमाणेच वागत होती आणि अडचण त्यांच्या छापील तक्त्यात होती. त्या तक्त्यात रोजचा ओला कचरा किती, तो कोणता ठेकेदार उचलतो, कोणत्या प्रकल्पाला देतो आणि त्याच्या पावत्या कोणत्या, असे रकाने होते. कचरा तयार झाला म्हणजे तो बाहेर जाणारच, असे गृहीत धरून तो तक्ता आखलेला होता. आवारातच प्रक्रिया होत असेल तर काय लिहायचे, यासाठी जागाच नव्हती. मी ठेकेदाराच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहिले आणि यंत्राच्या खरेदीची कागदपत्रे जोडली. अर्ज वर उल्लेखलेल्या शेऱ्यासह परत आला.

मी समक्ष गेले. खिडकीवरील लिपिकाने फाइल उघडली, मागील वर्षीच्या पावत्यांचा गठ्ठा आणि या वर्षीची रिकामी जागा शेजारी शेजारी ठेवली आणि विचारले, “मॅडम, हॉटेल तेवढेच, खोल्या तेवढ्याच. पावती नाही, मग कचरा गेला कुठे?” प्रश्न अगदीच निराधार नव्हता, हे मला मान्य करावे लागेल. हॉटेलांचा कचरा रात्री रस्त्याकडेला आणि पडीक शेतात रिकामा केला जातो, हे गोव्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. अनेक हॉटेलांचे उरलेले अन्न डुकरे पाळणारे घेऊन जातात, त्याचीही नोंद कुठे नसते. मडगावजवळच्या सोनसोड्यावर कचऱ्याचा डोंगर कसा उभा राहिला ते सगळ्यांनी पाहिले आहे. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला 100 टन होती आणि पुढे ती 250 टनांपर्यंत वाढवावी लागली, यावरूनच किनारपट्टीवरील भार समजतो. तेव्हा कार्यालयाने शंका घ्यावी, हे योग्यच आहे. मला खटकले ते एवढेच, की शंका फिटेल असा कोणता कागद आणायचा, हे कोणीही सांगत नव्हते. एका टेबलावर हमीपत्र मागितले, ते दिल्यावर दुसऱ्या टेबलावर हमीपत्राला अर्थ नाही असे सांगितले, आणि ज्यांची सही लागणार होती ते अधिकारी पाहणीसाठी बाहेर होते. दरम्यान एका ओळखीच्या ठेकेदाराने, थोडा कचरा मला द्या, मी महिन्याच्या पावत्या करून देतो, असे सुचवले. मी ते नाकारले. आमच्याच मुलांनी पहाटे उठून मोजलेल्या आकड्यांवर खोट्या पावतीचे पांघरूण घालण्याची माझी तयारी नव्हती, आणि त्या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो.

मग मी नियमांचा आधार घेतला. आमच्या अर्जाच्या वेळी 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम लागू होते. त्यात दिवसाला सरासरी 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानले आहे (आमचे हॉटेल पूर्वी ही मर्यादा सकाळच्या नाश्त्यालाच ओलांडत असे) आणि हॉटेलांनी कुजणारा कचरा शक्यतो आपल्याच आवारात खत किंवा बायोगॅस करून जिरवावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्या कलमाची प्रत, त्याखाली रेघ मारून, मी अर्जासोबत जोडली आणि वेगळ्या पत्रात लिहिले की, नियम जे करायला सांगतो तेच केल्यामुळे पावत्या नाहीत. या पत्रानंतर फाइल पुढे सरकली. इथे एक सूचना मध्येच देते, नाहीतर राहून जाईल: असे प्रत्येक पत्र दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आमचे पहिले पत्र फाइलमध्ये सापडत नव्हते आणि केवळ पोच होती म्हणून ते दिले होते हे सिद्ध झाले.

पुढची हरकत मात्र मला अपेक्षित नव्हती. आम्ही दिलेल्या नोंदवहीत यंत्रात घातलेल्या कचऱ्याचे वजन आणि बाहेर पडलेल्या खताचे वजन असे दोन रकाने होते. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी दोन्ही रकान्यांची वेगवेगळी बेरीज केली आणि फाइलवर लिहिले, ‘आवक व जावक यांत मोठी तफावत. खुलासा करावा.’ घातलेल्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके खत निघाले होते. उरलेले चार हिस्से कुठे टाकले, असा त्याचा सरळ अर्थ होता. मी समोर बसून समजावले की शिजलेल्या अन्नाचा आणि भाजीपाल्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. कुजताना मिश्रण 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, पाणी वाफ होऊन जाते आणि बराचसा कार्बन वायुरूपाने निघून जातो, म्हणून खताचे वजन पाचव्या-चौथ्या हिश्श्यावर येणे हेच योग्य. उलट घातले तितकेच बाहेर आले असते, तर काहीच कुजले नाही असे म्हणावे लागले असते. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हेच लेखी द्या म्हणाले. लेखी दिले. त्यावर यंत्र बनवणाऱ्यांचे पत्र हवे असे कळले. तेही आणले. नाताळचा हंगाम तोंडावर आलेला, हॉटेल भरलेले, आणि मी वाफेचे वजन का करता येत नाही यावर पत्रव्यवहार करत होते.

शेवटी मी स्वतःच पाहणीची लेखी मागणी केली आणि तीच गोष्ट कामी आली. हे मी सर्वांत आधी करावे असे सुचवीन: हरकतींची वाट न पाहता, ‘आमच्या आवारात येऊन पाहावे’ अशी विनंती अर्जासोबतच द्यावी. एक तरुण कनिष्ठ अधिकारी सकाळी लवकर आले. मी त्यांना कोणतेही सादरीकरण दाखवले नाही. थेट मागच्या दाराशी नेले. त्यांच्यासमोर पिंपे काट्यावर चढली, आकडे वहीत लिहिले गेले, माल यंत्रात गेला. मग त्यांना चार दिवसांपूर्वीचा क्रेट दाखवला. आमच्या सुपरवायझरने फावड्याने तो मधोमध उघडला तेव्हा आतून वाफेचा लोट वर आला आणि अधिकाऱ्यांचा चष्मा धुरकट झाला. त्यांनी तापमापी खुपसून आकडा स्वतः वाचला, शेवटच्या क्रेटमधले काळे, मातीचा वास येणारे खत हातात घेतले आणि पाहणी अहवाल तिथेच लिहायला घेतला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का, आणि त्याची मुदत चालू आहे का? तो होता. आमच्या स्टोअरकीपरने स्वयंपाकघराच्या खरेदीसाठी तो दरवर्षी करून घेतलेला होता. तो नसता तर वहीतील प्रत्येक आकडा शंकास्पद ठरला असता, म्हणून कचऱ्यासाठी वेगळा, जुना काटा वापरणाऱ्या हॉटेलांनी तो आजच तपासून घ्यावा.

अहवालानंतर अर्ज मंजूर झाला. मंजुरीचे पत्र हातात आले तेव्हा मी ते आधी स्टुअर्डिंगच्या खोलीत नेऊन वाचून दाखवले, कारण ज्या वहीवर सगळे तरले ती तेलकट हातांनी त्या मुलांनी भरलेली होती.

सुक्या कचऱ्याच्या बाबतीत आम्हाला काहीच त्रास झाला नाही, कारण पुठ्ठा, काच आणि डबे भंगारवाला वजन करून नेतो आणि पावती देतो. ज्याचा पुनर्वापर होत नाही ते प्लॅस्टिक पंचायतीच्या शेडमधून पुढे जाते. वापरलेल्या तेलाचीही पावती होतीच, आणि ती नियमित असल्याचे पाहून आमच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास बसायला मदत झाली, असे त्या अधिकाऱ्यांनी निघताना बोलून दाखवले. म्हणून ज्या ज्या गोष्टीची पावती मिळू शकते तिची घ्यावी, आणि जिची मिळणार नाही तिच्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावर रोज दोघांच्या सह्या घ्याव्यात: एक वजन करणाऱ्याची, एक दुसऱ्या विभागातील कोणाची तरी. खत कुठे वापरले हेही लिहावे. आमचे खत बागेत जाते आणि उरलेले गावातील शेतकरी नेतात. त्यांच्या सह्यांचे पानही फाइलला जोडलेले आहे.

आवारातील प्रक्रियेसाठी त्या तक्त्यात वेगळा रकाना असावा, असे पत्र आम्ही मंजुरीनंतर त्याच कार्यालयाला दिले आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला असून उत्तर यायचे आहे. तोपर्यंत ज्यांचे नूतनीकरण जवळ आले आहे, त्यांनी ‘लागू नाही’ एवढेच लिहून थांबू नये. त्या रकान्यात ‘आवारात खतनिर्मिती, नोंदवही सोबत जोडली आहे’ असे पूर्ण वाक्य लिहावे आणि पाने क्रमांकासह जोडावीत.