रिफीफी, घरच्यांबरोबर

रविवार, रात्री साडेअकरा

आई आणि मामा झोपले. भाची आतल्या खोलीत फोनवर मैत्रिणीला अजून सिनेमाच सांगतेय. माझ्याही डोक्यातून तो जात नाहीये, म्हणून वही घेतली.

दुपारी जेवणं उरकल्यावर ‘रिफीफी’ लावला. ज्यूल्स डॅसिनचा, १९५५चा, कृष्णधवल. मी तो याआधी तीनदा पाहिलाय, पण दर वेळी एकटीने. संवाद फ्रेंच, खाली इंग्रजी ओळी, त्यामुळे आईशेजारी बसून मी तिला मराठीत सांगत होते. हा टोनी, पाच वर्षं तुरुंगात काढून आलाय, खोकतोय, पत्त्यांत हरतोय. हा जो, याला वाचवायला टोनी एकटा आत गेला. तो छोटा जोचा मुलगा, टोनीच्या नावावरूनच त्याचं नाव ठेवलंय. हा मारियो. आणि हा इटलीहून बोलावलेला सेझार, तिजोऱ्या फोडण्यात तरबेज. शीर्षकाचा अर्थ आईने विचारला. फ्रेंच गल्लीबोळातला शब्द आहे, आपण ‘राडा’ म्हणतो ना, तसं काहीतरी, असं मी सांगितलं. तिला तो पटकन कळला.

मग चोरी सुरू झाली आणि मला सांगायला काही उरलंच नाही.

जवळजवळ अर्धा तास पडद्यावर एक शब्द नाही, संगीत नाही. चौघं दागिन्यांच्या दुकानाच्या वरच्या घरात शिरतात, तिथल्या जोडप्याला बांधून ठेवतात आणि जमिनीला भोक पाडायला लागतात. भोक छत्री जाईल एवढं झालं की तिथून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे ढलपे तिच्यात पडतील, आवाज होणार नाही. धोक्याची घंटा बंद पाडायला आग विझवायच्या नळकांड्यातला फेस. एकदा चुकून पियानोच्या पट्टीवर हात पडतो. तो एक सूर वाजला आणि आमच्या खोलीतही चौघं श्वास धरून. आईला माझी गरज नव्हती. टोनीच्या कपाळावरचा घाम तिला माझ्याइतकाच दिसत होता.

मामांनी मान हलवायला सुरुवात केली ती छत्री उघडल्यापासून. पस्तीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात गुजरीत दागिने घडवले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “हे चोरांचं बसणं नव्हे, हे कारागिराचं बसणं. सोन्याला डाग देताना आम्ही कुणी बोलत नव्हतो. कीस वाया जाऊ नये म्हणून मांडीवर कापड घ्यायचो, तशी यांची छत्री.” थोडं थांबून पुढे म्हणाले, “पण मला सारखं त्या पेढीवाल्याचं वाटत होतं. सकाळी तो येऊन बघेल तेव्हा त्याचं काय होईल?” मी इतक्या वेळा पाहिला, मला त्या माणसाचा विचार एकदाही शिवला नव्हता. रात्रभर ते चौघं सापडू नयेत एवढंच मनात यायचं. डॅसिन आपल्याला गप्प बसवतो आणि त्या गप्प बसण्यातच त्यांच्या बाजूचं करून टाकतो. मामा मात्र गप्प बसूनही दुसऱ्या बाजूला राहिले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

त्यांना एक गोष्ट सांगितली, ती इथेही लिहून ठेवते. या प्रसंगासाठी संगीत तयार होतं. जॉर्ज ओरिकसारख्या मोठ्या संगीतकाराने ते खपून केलं होतं. डॅसिनने त्याला प्रसंग दोन्ही तऱ्हांनी दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय. ओरिकनेच सांगितलं, माझं संगीत काढून टाका. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपलं काम आपल्या हातानं वितळवायचं. सोपं नाही गं.”

भाचीला सिनेमा अर्धाच आवडला. “चोरी झाली तिथेच संपवायला हवा होता मावशी, पुढे नुसते गोळीबार.” शिवाय सुरुवातीला टोनी आपल्या जुन्या मैत्रिणीला, मादोला, कमरेच्या पट्ट्याने मारतो. मार पडद्याबाहेर आहे, आवाज मात्र ऐकू येतो. भाची म्हणाली, त्यानंतर हा माणूस मेला काय नि जगला काय, मला फरक पडत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो प्रसंग मलाही सहन होत नाही, आणि ‘त्या काळी असंच असायचं’ हे मी तिला सांगणार नाही.

पण पुढच्या भागाबद्दल मी तिच्याशी भांडले. कारण माझ्यासाठी सिनेमा खरा तिथेच आहे. सेझार एका गाणाऱ्या बाईला चोरीतली अंगठी देऊन बसतो. एवढ्या नेटक्या रात्रीतून निसटलेली एक अंगठी. त्यावरून दुसऱ्या टोळीला सुगावा लागतो, सेझार तोंड उघडतो, मारियो आणि त्याची बायको जिवानिशी जातात. टोनीला तो क्लबात खांबाला बांधलेला सापडतो. टोनी त्याला सांगतो, तू मला आवडायचास, पण नियम तुला ठाऊक आहेत. सेझारलाही ते मान्य असतं. आणि गोळी.

हा सेझार झालाय स्वतः डॅसिन, पेर्लो व्हिटा या नावाने. ठरलेला नट आला नाही म्हणून तो उभा राहिला. पण १९५१ मध्ये अमेरिकेत संसदेच्या समितीपुढे सहकारी दिग्दर्शकांनीच कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं होतं. हॉलिवूडचं दार बंद झालं, युरोपातही काम मिळू दिलं जात नव्हतं. १९५०च्या सिनेमानंतर थेट हा. म्हणजे टोनीची पाच वर्षं तुरुंगात, डॅसिनचीही पाच वर्षं रिकामी. ज्याचं नाव मित्रांनी सांगितलं, त्याने नाव सांगणाऱ्याची भूमिका केली आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. हा प्रसंग करताना मित्रांचा विश्वासघात करणारे मित्र मनात होते, असं त्याने पुढे सांगितलं. मला त्यात सूड दिसत नाही. सेझारचा चेहरा त्याने इतका गरीब ठेवलाय की आपल्याला त्याचीही कणव येते. भाची म्हणाली, हे आधी सांगितलं असतंस तर मी वेगळं पाहिलं असतं. मला वाटतं, न सांगताही दिसायला हवं. यावर आमचं मिटलं नाही.

आई सगळ्यात कमी बोलली. तिला लक्षात राहिली जोची बायको, लुईझ. मुलाला पळवून नेल्यावर ती नवऱ्याला म्हणते, तुझ्यासारखी गरिबीत वाढलेली लाखो मुलं होती, ती नाही झाली गुंड. खरी खंबीर तीच, तू नव्हेस. हे मी सांगितलं तेव्हा आईने माझा हात धरला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटी टोनी पोटात गोळी घेऊन गाडी हाकतो. शेजारी तो छोटा, गुराख्याचा वेश घातलेला, खेळण्यातलं पिस्तूल नाचवत. पॅरिसच्या करड्या उजेडात झाडं डोक्यावरून पळतात. घर येतं, टोनी मान टाकतो. लुईझ धावत येऊन मुलाला उचलते आणि निघून जाते. पैशांची बॅग गाडीतच राहते.

आई म्हणाली, “बघितलंस, तिनं बॅगेकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.”

चारदा पाहूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. उद्या मामा जायच्या आधी तेवढा शेवट पुन्हा लावायचाय.