दुसऱ्या रॉडची वाट

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आमच्या वाहिन्या त्याच बागांमधून गेलेल्या असल्याने झाडाबरोबर तार गेली आणि तारेच्या ओढीने खांब मोडले. मी ज्या वीज कंपनीत अभियंता आहे तिच्यात हजारो माणसे काम करतात. त्यांच्यापैकी घाटावरून आलेली सहा पथके आठवडाभराने श्रीवर्धन तालुक्यात माझ्याकडे देण्यात आली. टाळेबंदीचे दिवस होते. माणसे शाळेच्या वर्गांत अंतर राखून झोपत होती आणि मोबाइलची रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नव्हती.

दर दोन तासांनी वरून एकच विचारणा येई, ती म्हणजे किती खांब उभे राहिले. ही विचारणा गैर होती असे मी आजही म्हणणार नाही, कारण शंभर मैलांवर बसलेल्या माणसाला मोजता येईल असे दुसरे काय दिसणार? परंतु एवढ्या मोठ्या कंपनीत वरच्याने चौकशी म्हणून विचारलेले खाली पोहोचेपर्यंत हुकूम झालेले असते, आणि त्याला मध्येच अडवून त्याचा अर्थ लावणे हे माझ्यासारख्या मधल्या पायरीवरच्या माणसाचे काम असते. मी ते केले नाही. आलेला आकडा मी सहा पथकांत वाटून टाकला. परिणाम दोनच दिवसांत दिसला. रस्त्याकडेच्या मऊ मातीत खांब भराभर उभे राहिले. वाडीत मात्र ट्रक जात नव्हता, खांब दहा-बारा जणांनी खांद्यावरून न्यायचा आणि जांभ्यात पहारीने एका खड्ड्याला अर्धा दिवस घालवायचा, त्यामुळे तिथली कामे मागे पडत गेली. माझ्या तक्त्यावर आकडा वाढत होता आणि वाड्या अंधारातच होत्या.

अशाच एका दिवशी दुपारी एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपाकडे जाणारी ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, वाहिनी संध्याकाळपर्यंत सुरू करायची होती. उपकेंद्रातून वाहिनी बंद असल्याचे परमिट मिळाले होते. वाडीच्या टोकाच्या खांबाखाली सांगली जिल्ह्यातून आलेले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले एक वायरमन पट्टा बांधून उभे होते, पण चढत नव्हते.

मी विचारले, "मामा, परमिट आहे ना हातात?"

"परमिट उपकेंद्राच्या बाजूचं आहे, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "या बाजूनं काही येणार नाही, हे कोण लिहून देणार? दुसरा रॉड आल्याशिवाय मी चढणार नाही."

काम करण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार डिस्चार्ज रॉडने जमिनीशी जोडायची, हा आमच्या कामाचा पहिला धडा आहे. त्यांच्या पथकाकडे दोन रॉड होते. त्यांतला एक मीच सकाळी दुसऱ्या पथकाला दिला होता, म्हणजे दोन ठिकाणी एकदम काम चालेल आणि आकडा वाढेल. चार वाजत आले होते, पाऊस भरून आला होता, आणि मला राग आला. या बाजूला डीपीपलीकडे, म्हणजे वाडीच्या रोहित्रापलीकडे, मोडक्या बागांखेरीज काही नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त वाडीकडे हात केला आणि ऐकायला सांगितले. पावसाच्या सरीमागून कुठेतरी जनरेटर चालत होता.

त्यांनी तारेत वीज असली की वाजणारा, काठीवरचा डिटेक्टर तारेजवळ नेला आणि तो वाजू लागला.

वाडीतल्या एका घराने मोबाइल चार्ज करण्यासाठी आणि विहिरीवरच्या पंपासाठी भाड्याने जनरेटर आणला होता आणि मेन स्विच न पाडता तो घरच्या वायरिंगला जोडला होता. बाकीच्या घरांच्या सर्व्हिस वायर तुटलेल्या असल्याने भार कुठेच नव्हता. त्यामुळे घरातली वीज उलटी डीपीत शिरून, तिथे दाब कितीतरी पटींनी वाढून, आम्ही बंद समजत होतो त्या वाहिनीवर येत होती. जनरेटर बंद करायला गेलो तेव्हा त्या घरातल्या आजींनी आम्हाला कोकम सरबत दिले. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पेला हातात धरताना माझा हात थरथरत होता.

मी टेकडीवर जाऊन वरिष्ठांना फोन केला आणि वाहिनी आज सुरू होणार नाही, कारण रॉड मी हलवला होता, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "माणसं ठीक आहेत?" आणि पाण्याचा टँकर पाठवण्याचे बोलून फोन ठेवला. त्या तीन शब्दांनी मला जो धीर दिला, तो मी माझ्या माणसांना आठवडाभरात एकदाही दिला नव्हता.

दुसरा रॉड साडेपाचला आला. वाहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली.

त्या सकाळी सहाही पथकप्रमुखांना मी शाळेच्या व्हरांड्यात बोलावले आणि खांबांचा आकडा न विचारता काल कोणी कोणते काम थांबवले, एवढेच विचारले. कोणी बोलेना. मग मी आदल्या दिवशीची माझी चूक सर्वांसमोर सांगितली आणि मामांच्या नकाराची नोंद त्यांच्या नावाने, कौतुक म्हणून, रजिस्टरमध्ये केली असल्याचेही सांगितले. तरीही बराच वेळ शांतता होती. शेवटी मागे उभा असलेला एक तरुण पथकप्रमुख खाली पाहत म्हणाला की, खांबाच्या लांबीचा सहावा भाग तरी जमिनीत जायला हवा, पण जांभा लागल्यामुळे त्यांचे तीन खांब अडीच फुटांवरच उभे केले आहेत आणि तक्त्यात ते पूर्ण म्हणून दाखवले आहेत.

मी तक्त्यातून तीन वजा केले आणि पहारी घेऊन आम्ही आधी त्या वाडीकडे निघालो.