रिव्ह्यूवरची भांडणं ऐकत ऐकत सेडान घेतली, त्याचा माझा अनुभव

आजकाल सेडान कोण घेतं, असं येईल त्याने विचारलंय, म्हणून ते आधी सांगून मोकळा होतो. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे आमची बिल्डिंग आणि तिथे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या. माझ्या वाट्याला आलाय खालचा खण आणि त्याच्या खांबावर पिवळ्या रंगात लिहिलंय, उंची १५५० मिमी. बहुतेक एसयूव्ही १६०० च्या वर जातात, म्हणजे टप वरच्या पॅलेटला टेकलाच. स्कोडाची स्लाव्हिया १५०७, होंडाची सिटी १४८९, ह्युंदाईची व्हर्ना १४७५, या तिन्ही सेडान गुमान आत जातात. ठाण्यात आणि नवी मुंबईत टॉवरमध्ये राहणाऱ्या बऱ्याच लोकांची गाडी शोरूमने नाही तर पार्किंगने ठरवलेली असते, पण हे कुठल्या रिव्ह्यूत लिहिलेलं मी तरी बघितलं नाही.

तर सेडान हे नक्की होतं, कुठली ते नव्हतं. आमची रविवार सकाळची एक गँग आहे, उपवनला चहा आणि मग दोन तास फक्त गाड्या. त्यात एकाने त्याच्या ऑफिसमधल्या माणसाचा रिव्ह्यू आणला, नवीन घेतलेल्या सेडानचा, चांगला लांबलचक. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, पिकअपचं तोंड भरून कौतुक आणि मग तक्रारी: ट्रॅफिकमध्ये सरकताना धक्के बसतात, शहरात अॅव्हरेज नऊच्या वर जात नाही, मागची सीट खोल आहे आणि वडील कुरकुरतात. झालं, सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडले, तो तिथे नव्हताच.

आमच्यातला टर्बोवाला म्हणाला, चालवताच येत नाही त्याला, ड्युअल क्लच अशी इंच इंच सरकवायची नसते, पुढे जागा होऊ दे मग सोड. त्यात तथ्य आहे. अशा बऱ्याच गाड्यांत ड्राय, म्हणजे कोरडा क्लच असतो, त्याला तेलाची अंघोळ नसते, गाडी अर्धवट क्लचवर सरकत राहिली की घर्षणाची उष्णता तिथेच साठते, म्हणून थोडं थांबून मग पुढे घेणं बरं. पण कापूरबावडीच्या जंक्शनला संध्याकाळी सातला तुम्ही पुढे जागा सोडून बघाच, त्या जागेत एक रिक्षा, दोन बाइक आणि कधीकधी एक टेम्पोसुद्धा येतो. यावर आमच्यातला सीव्हीटीवाला (गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिकचा भक्त) खूश, सिटी घ्या आणि शांत बसा म्हणे. त्यावर टर्बोवाला, सीव्हीटीत आधी इंजिन ओरडतं आणि मग सावकाश गाडी निघते, ती काय गाडी म्हणायची! मग गँगमधले काका सुरू झाले, १९९८ ला पहिली सिटी भारतात आली तेव्हाची ती कशी पळायची वगैरे, ते आम्हाला पाठ आहे.

अॅव्हरेजवर तर हातघाईवर यायची वेळ आली. त्या माणसाने नऊचा आकडा डॅशबोर्डच्या स्क्रीनवरून घेतलेला. आमच्यातल्या हिशेबी माणसाचं म्हणणं, स्क्रीनवरचं धरायचंच नाही, टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट होईल तिथे थांबा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो, तिथे ना गायमुखचा चढ ना मेट्रोचे बॅरिकेड. मग कोणीतरी ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय काढलाच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की कागदावर सहा-सात टक्के फटका धरून चला. ते ऐकून काका म्हणाले, उरलेला फटका घोडबंदर रोड देतो.

सेफ्टीवर मात्र कोणी फार ओरडलं नाही. स्लाव्हिया, फोक्सवॅगनची व्हर्टस आणि व्हर्ना तिघींनाही २०२३ ला ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्टवाल्या संस्थेचे पाच स्टार मिळाले, फक्त व्हर्नाच्या बॉडीशेलला (सांगाड्याला) त्यांनी अनस्टेबल लिहिलं होतं आणि त्या एका शब्दावर चहाचा दुसरा राउंड गेला.

मी आपला गप्प ऐकत होतो. मला खटकलं ते वेगळंच. रिव्ह्यूत सगळं होतं, टच स्क्रीन किती इंची तेसुद्धा, पण हा माणूस रोज कुठून कुठे जातो हे कुठेच नव्हतं. त्याला शिव्या घालणारा टर्बोवाला सीवूड्सहून बेलापूरला जातो, पाम बीच रोडने, त्याला धक्का लागेल कशाला? म्हणून मी त्यातले फक्त प्रश्न घेतले, उत्तरं स्वतः काढायची ठरवलं.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले रविवारी सकाळी बोलावतात आणि मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. मी म्हटलं, मला वर्किंग डेला संध्याकाळी पाहिजे, मानपाडा ते कापूरबावडी आणि परत, आणि आईबाबा सोबत असतील. एका ठिकाणी सेल्समनने तोंड वाकडं केलं, बाकीच्यांनी दिली. सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घ्यायच्या कामाने तिथे तेव्हा कधी कुठला पट्टा उघडा असेल सांगता येत नव्हतं, त्यामुळे गिअरबॉक्सची परीक्षा आपोआप झाली.

खरी परीक्षा आईने घेतली. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. तिने आधी पर्स आत ठेवली, पाठ करून सीटच्या कडेवर टेकली, एका हाताने दाराच्या वरची कड धरली आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. बसल्यावर म्हणाली, "अरे, हे तर पाटावर बसल्यासारखं झालं, उठवणार कोण?" सगळ्याच सेडान खाली असतात हे मान्य, पण दार किती उघडतं, मांडीखाली सीट किती येते आणि उठताना पाय टेकायला जागा किती, यात प्रत्येक गाडीत फरक निघाला. मग मी प्रत्येक गाडीत तिला दोनदा चढउतर करायला लावली. दुसऱ्यांदा ती वैतागली, पण वैतागून उतरताना कुठे हात जातो तेच तर बघायचं होतं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिमीमध्ये) व्हर्नाचा २६७०, स्लाव्हियाचा २६५१, सिटीचा २६०० आणि तरी सिटीत मागे ऐसपैस वाटतं, म्हणजे नुसत्या आकड्यांवर जाऊ नका.

शेवटी आमचा बेसमेंटचा रॅम्प. सेल्समनला विनंती करून चौघं बसलेले असतानाच डेमो कार खाली उतरवली, मी पुढे जाऊन वाकून बघत होतो आणि वॉचमन माझ्याकडे बघत होता. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, सिटीचा १६५, स्लाव्हियाचा १७९. चौदा मिलिमीटरने काय होतं असं वाटतं, पण रॅम्प जिथे संपतो तिथला उंचवटा रोज दोनदा ओलांडायचाय. तर घेतली स्लाव्हिया, एक लिटरची, सहा गिअरवाली टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारी) ऑटोमॅटिक. ११५ पीएस. सिग्नलवरून उठताना क्षणभर विचार करते आणि मग जाते, मला चालतं. दीड लिटरची १५० पीएसवाली मोहात पाडत होती, खोटं कशाला बोलू, पण तिच्यात पुन्हा तोच ड्युअल क्लच.

कोटेशनचा भाग थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून या साइजच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, आधी सेस धरून ४५ व्हायचा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, शिवाय दहा लाखांवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच कापलेला इन्कम टॅक्स), तो रिटर्न भरताना मिळतो. एका डीलरने (तिथे गाडी घेतलीच नाही) हँडलिंग चार्जेस म्हणून एक ओळ घुसवली होती, कशाचं हँडलिंग विचारलं तर "सर सगळे घेतात". इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हटल्यावर तर डिस्काउंटच गायब. इन्शुरन्स कुठून घ्यायचा हा आपला हक्क आहे, एक वर्षाचा ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान) असलेली पॉलिसी बाहेर विचारून ठेवा आणि तोच आकडा समोर ठेवा, खाली येतात. मी नवी मुंबईतनं घेतली, तिथे भाव आणि वागणं दोन्ही नीट होतं. पत्ता ठाण्याचा म्हणून नंबर एमएच ०४ च.

पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, मात्र सोडू नका, पूर्ण पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन करा. चॅसी नंबर कागदाशी जुळवायचा, कागदांवर गाडी बनल्याचा महिना बघायचा, टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. हिशेबी मित्र सोबत होता, तो स्टेपनीचाही आकडा वाचून आला. मागच्या दारावर ओरखडा दिसला म्हणून आमचे चेहरे पडले, ओल्या फडक्याने पुसला तर गेला, धूळ होती. टायरमधली हवा भलतीच जास्त होती, यार्डात उभ्या गाड्यांची ठेवतात तशी, ती डिलिव्हरीच्या दिवशी दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या नाहीतर पहिले चार दिवस गाडी खड्ड्यांवर उड्या मारते आणि तुम्ही सस्पेन्शनला शिव्या घालता.

आता टाकी टू टाकी माझं अकरा ते बाराच्या मधे येतंय, एसी लावून, ऑफिस ऐरोलीला. गँगला सांगितलं तर टर्बोवाला म्हणाला, शक्यच नाही, तू उतारावर न्यूट्रल करत असशील. ऑटोमॅटिक आहे रे बाबा म्हटलं, तर म्हणे मग पंपवाला मापात मारतोय. पुढच्या रविवारी तो स्वतः माझ्यासोबत पंपावर येणार आहे, बघू.