स्टॉर्म जिब आली, पण तिची शीट ओढायची कुठून?

स्टॉर्म जिब म्हणजे वादळात बोटीच्या पुढे लावायचं छोटं, जाड शीड. तिच्याबद्दल माहिती काढायला बसलं की सगळे क्षेत्रफळ सांगतात, कापडाची जाडी सांगतात, भडक नारिंगी रंग का हवा तेही सांगतात. तिची शीट, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणारा दोर, डेकवर नेमक्या कुठल्या जागेतून ओढायची, एवढं मात्र कोणी सांगत नाही. शीड शिवणाऱ्यांनी पाठवलेल्या फॉर्ममध्ये तेवीस रकाने होते. पिशवीवर बोटीचं नाव कुठल्या रंगात हवं, यालाही एक रकाना होता. शीटच्या जागेला नव्हता. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी जेवढा वेळ गेला, तेवढ्यात बाकीचं सगळं काम दोनदा झालं असतं.

बोट साडेदहा मीटरची, एका डोलकाठीची, पुढे रोलर फर्लरवर, म्हणजे शीड गुंडाळणाऱ्या फिरत्या नळीवर, तीसेक चौरस मीटरची जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड. अशा बोटीवर नेहमीचा समज असा, की वारा वाढेल तशी जेनोआ गुंडाळत जायची आणि शेवटी रुमालाएवढी ठेवली की तेच तुफानी शीड. तसं होत नाही. गुंडाळलेल्या कापडाची पुढच्या कडेला जाड वळकटी होते, शिडाचं पोट मागे सरकतं आणि वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे, चढण्याची ताकद जाते. उरलेला तुकडा नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, अगदी टोकाशी असल्यामुळे बोट वाऱ्याकडे तोंड ठेवायला तयार नसते. आणि सगळी भिस्त फर्लरच्या एका बारीक दोरावर. तो तुटला की चाळीस नॉटच्या (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) वाऱ्यात पूर्ण जेनोआ उघडते. तेव्हा ती खाली उतरवणंही माणसांच्या हातात राहत नाही.

म्हणून फर्लरच्या मागे, नाळेपासून एक मीटरवर, काढता-घालता येणारा आतला स्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारा दोर, घेतला. १० मिलिमीटरचा डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम दोर), खाली ताणायला कप्प्यांची जोडी. डेकवरचा पॅडआय, म्हणजे दोर अडकवायचं बोल्टने बसवलेलं कडं, नांगराच्या कप्प्यामागच्या भिंतीवर बरोबर बसला आणि खालून सळईने सांगाड्याला ओढून धरला. नुसत्या डेकवर असा पॅडआय बसवू नये. ओढ सरळ वरच्या दिशेने असते आणि डेक फुगून वर येतं. स्टेचं वरचं टोक डोलकाठीवर दोन तृतीयांश उंचीवर आहे, त्यामुळे मागे दोन्ही बाजूंना रनिंग बॅकस्टे, म्हणजे डोलकाठी मागून धरणारे सोडता-आवळता येणारे दोर, लागले. ते नसतील तर डोलकाठी मधोमध पुढे खेचली जाते आणि लाटेगणिक आचके देते. हे काम रिगरने सांगितलेल्या दिवशी पूर्ण केलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मापाचं थोडं सांगतो, कारण इथे फसायला होतं. वर्ल्ड सेलिंगच्या खुल्या समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत स्टॉर्म जिबचं कमाल क्षेत्रफळ पुढच्या त्रिकोणाच्या (डोलकाठी, डेक आणि पुढचा स्टे यांमधल्या) उंचीच्या वर्गाच्या ५ टक्के, आणि लफ, म्हणजे पुढची कड, त्या उंचीच्या जास्तीत जास्त ६५ टक्के. उंची १२ मीटर असेल तर ७.२ चौरस मीटर आणि ७.८ मीटर. फॉर्मने हे आकडे आपोआप भरून दिले. पण ही कमाल मर्यादा आहे, ऑर्डर द्यायचं माप नव्हे. आतला स्टे जेमतेम साडेआठ मीटर लांब, त्यावर ७.८ मीटरची लफ, खाली पेनंट आणि वर हॅलयार्डचा, म्हणजे शीड वर ओढणाऱ्या दोराचा, शॅकल (पिनेची कडी) मावतच नाही. शेवटी ६ चौरस मीटर आणि ६ मीटर लफ ठरली. पेनंट म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याखाली लावायचा दोराचा तुकडा. तो ६० सेंटीमीटरचा, नाळेवरून आलेलं पाणी शिडाच्या खालच्या कडेत न भरता तिच्याखालून वाहून जावं म्हणून.

आता अडलेली गोष्ट.

शीड आल्यावर विचारलं, शीट कुठून? उत्तर आलं, "जेनोआच्या ट्रॅकवर येईल की." ट्रॅक म्हणजे डेकवरची पट्टी, जिच्यावर शीट ओवायची गाडी सरकते. तिथे नाही येत. पाहण्याची रीत साधी आहे. वारा पडलेल्या दिवशी बोट बांधलेली असताना जिब चढवायची. लफच्या मध्यापासून एक दोरी क्लूवरून, म्हणजे मागच्या कोपऱ्यावरून, तशीच सरळ रेषेत खाली डेकपर्यंत ताणायची. ती टेकेल ती शीटची जागा. पुढेमागे थोडं जुळवून घ्यायचं. आमची दोरी टेकली नाळेपासून ५ मीटर ५५ सेंटीमीटरवर. जेनोआचा ट्रॅक सुरू होतो ६ मीटरवर. पंचेचाळीस सेंटीमीटरचा फरक, आणि एवढ्याने काय बिघडतं असं वाटणं साहजिक आहे.

बिघडतं ते असं. शीट जागेच्या मागे गेली की तिची ओढ खालच्या कडेवर जास्त पडते आणि मागच्या कडेवर, लीचवर, कमी. खालचा भाग फळीसारखा सपाट होतो, वरचा तिसरा हिस्सा उघडा पडून फडफडत राहतो. बावीस नॉटमध्ये ट्रॅकच्या पुढच्या टोकावरून ओढून पाहिलं तेव्हा हेच झालं. शीट अजून आवळली तर खालचा भाग आणखी सपाट, वर फडफड तशीच. स्टॉर्म जिबचं कापड जाड असतं. ते फडफडलं की स्टे, डोलकाठी आणि खालचा पॅडआय सगळे एका तालात हादरतात. पंचेचाळीस नॉटमध्ये याच फडफडीने शिवण उसवते. उलट, शीट जागेच्या पुढे असेल तर लीच आवळली जाऊन आत वळते आणि खालची कड सैल पडते. कुठली कड फडफडते ते बघा, जागा कुठे चुकली ते कळतं.

दुसरा प्रयोग डेकच्या कडेच्या भोकं असलेल्या अॅल्युमिनियम पट्टीवर दोराचा फास आणि कडी. मागेपुढे जागा अचूक मिळाली, पण पट्टी फार बाहेर. मध्यरेषेशी शीटचा कोन वीस अंशांच्या जवळ गेला. वारा बाजूने असेल तर चालतं, वाऱ्यावर चढायचं असेल तर नाही. आणि स्टॉर्म जिब मुख्यतः लागते ती वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना, त्यापासून सुटून वर निघायला. शिवाय शीट श्राउडच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेच्या, टर्नबकलला (तार ताणायच्या स्क्रूला) घासत होती. त्यातल्या पिनचं टोक शीटच्या आवरणात घुसलं, आणि अर्ध्या तासात पांढरे धागे बाहेर. टर्नबकलच्या पिना टेपने गुंडाळून ठेवा, स्टॉर्म जिब असो नसो.

तिसरा उपाय कागदावर छान दिसत होता: पेनंट लांब करायचा. शीटचा डेकशी कोन पंचेचाळीस अंशांच्या आसपास असेल तर शीड ३० सेंटीमीटर वर नेलं की शीटची जागा जवळजवळ ४० सेंटीमीटर मागे जाते. थोडी उंचीमुळे, थोडी स्टे मागे कललेला असल्यामुळे. पेनंट ९५ सेंटीमीटर केला आणि जागा बरोबर ट्रॅकवर आली. शिडाचा आकारही सुरेख. अडचण वेगळीच निघाली. गुंडाळलेल्या जेनोआच्या शीट त्याच ट्रॅकच्या गाडीतून जातात आणि त्याच विंचवर (दोर आवळायच्या चक्रावर) येतात. त्या सोडून गाडी मोकळी करायची म्हणजे वादळात जेनोआला मोकळं सोडणं. दुसरी गाडी आणून पुढच्या टोकाला लावता येते, पण मग शेवटच्या खिट्टीला टेकलेली ती गाडी पुढे तसूभरही हलत नाही. शीड वर गेल्याने बोट थोडी जास्त कलते, ते एक वेळ सोसलं असतं. ज्यांच्या ट्रॅकवर पुढे जागा शिल्लक आहे, त्यांनी हाच उपाय करावा. तो फुकट आहे.

शेवटी डेकवर दोन नवे पॅडआय. हे आधीच करायला हवं होतं, पण डेकला भोकं पाडायचा धीर कोणालाच चटकन होत नाही. भार किती येतो त्याचा ढोबळ हिशेब: चौरस मीटर गुणिले नॉटचा वर्ग गुणिले ०.०२१ म्हणजे किलो. ६ चौरस मीटर आणि ४५ नॉटला सुमारे २५५ किलो. शीड फडफडून एकदम भरलं तर याच्या कितीतरी पट झटका बसतो, म्हणून चार ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि खाली ६ मिलिमीटर जाडीची पाठपट्टी. डेकच्या पोटात बाल्साचा किंवा फोमचा थर असतो, तिथे थेट ८ चं भोक पाडून बोल्ट आवळू नये; थर चेपतो, पाणी शिरतं, कुजतं. आधी १२ चं भोक, वाकवलेल्या खिळ्याने आतला थर चहूबाजूंनी कोरून काढायचा, घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, ते पूर्ण सुकल्यावर मधोमध ८ चं भोक.

आणि दोन्ही बाजूंची मापं नाळेच्या टोकापासून टेप लावून घ्या. रेलिंगच्या खांबांपासून घेऊ नका; डावे-उजवे खांब समोरासमोर असतीलच असं नाही. आमच्याकडे मापं जुळली, तर डावीकडचे दोन बोल्ट खाली कपाटाच्या भिंतीवर येत होते. दोन्ही पॅडआय तीन सेंटीमीटर मागे घेतले, मध्यरेषेपासून एक मीटर दहा. कोन चौदा अंशांच्या आसपास, शीट श्राउडच्या आतून. पॅडआयला कप्पी न लावता दोराने बांधलेली गुळगुळीत कडी लावली. ती डेकवर आपटत नाही आणि तिच्यात अडकून बसण्यासारखं काही नाही. तिथून शीट केबिनच्या छपरावरच्या विंचवर जाते. जेनोआचा विंच जेनोआकडेच राहतो.

पुढच्या वाऱ्यात, अठ्ठावीस नॉट, जिब चढवली, शीट आवळली आणि लीच शांत. एकदा थरथरली, थांबली. त्या शांततेसाठी केलेली एवढी उस्तवार पाहता कोणाशी तरी हात मिळवावासा वाटला, पण सगळे दोर धरून होते.

चढवण्याचा क्रम थोडक्यात. आतला स्टे, रनिंग बॅकस्टे आणि कमरेच्या पट्ट्याचा हूक अडकवायचे जॅकलाइन हे सगळं हवामानाचा अंदाज बिघडल्याचं कळताच, बंदरातच लावून टाकायचं. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, तिसऱ्या रीफवर, म्हणजे तीन टप्पे लहान करून. जेनोआ पूर्ण गुंडाळून तिच्याभोवती तिच्याच शीटचे तीन-चार वेढे, आणि फर्लरचा दोर क्लीटबरोबर विंचवरही अडकवायचा. मग वारा पाठीवर घ्यायचा. ३५ नॉट वाऱ्यात बोट ६ नॉटने पळत असेल तर डेकवर २९ नॉट जाणवतो. तीच बोट वाऱ्यावर चढत असेल तर ३९च्या आसपास. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुढे जाणाऱ्या माणसाला पावणेदोन पटीहून जास्त मार. वारा पाठीवर असला की जिबही मेनसेलच्या आडोशाला येते. आधी पेनंटचा शॅकल, मग हँक, म्हणजे शीड स्टेला अडकवायच्या कड्या, खालून वर, मग शीट कडीतून ओवून शेवटी आठाची गाठ, आणि हॅलयार्ड सर्वांत शेवटी. तोवर शीड पिशवीत आणि पिशवी रेलिंगला बांधलेली. वर ओढताना शीट किंचित ताणलेली ठेवायची. शीड भरू नये आणि फडफडूही नये.

हँकबद्दल राहिलंच. स्टे तारेचा असेल तर ब्राँझचे पिस्टन हँक. डायनीमा असेल तर दोराचे मऊ हँक, कारण धातूची धार डायनीमा खाते. पिस्टन हँक घेतलेत तर गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा थेंब द्या. मीठ बसलेला हँक ओल्या हातमोज्यातल्या अंगठ्याने उघडत नाही. आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला हवीत. एक उलटा बसला तर शीडाला पीळ पडतो आणि तो अर्ध्या उंचीवर गेल्यावर दिसतो.

शीट जिबच्या स्वतःच्या, १२ मिलिमीटरच्या, प्रत्येकी नऊ मीटर, क्लूला बोलाइनने कायमच्या बांधलेल्या आणि शीडासकट पिशवीतच. क्लूला धातूचा शॅकल नको. फडफडणाऱ्या शिडाच्या टोकाला शॅकल म्हणजे साखळीला बांधलेला हातोडा. पेनंटचा शॅकल मात्र धातूचाच. त्याची पिन तारेने बांधून टाकायची.

घडी घालताना टॅक (पुढचा खालचा) आणि हेड (वरचा) हे दोन्ही कोपरे पिशवीच्या तोंडाशी ठेवायचे आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत 'खाली' आणि 'वर' लिहायचं. हसू येतं, पण त्रिकोणी शीड उलटं चढवलेलं याच डेकवर पाहिलं आहे. शीट योग्य आवळली जाते तिथे तिच्यावर रंगीत धाग्याची खूण शिवली आहे. रात्री ती बोटांना लागते. पिशवीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन आकडे: पेनंट ६०, कडी ५५८, मध्यरेषेपासून ११०.

आता ट्रायसेल, म्हणजे वादळात मेनसेलऐवजी लावायचं छोटं शीड, करायची आहे. त्याच लोकांचा फॉर्म आला, या खेपेला चोवीस रकाने. चोविसावा पिशवीला खिडकी हवी का, हा आहे. समासात पेनने एक ओळ वाढवली आहे: 'शीट कुठे येईल, सेंटीमीटरमध्ये. आधी कळवा, मग कापा.'